करंजाखालची जागा

फोटो समोर धरला की माणूस आधी चेहरे बघतो. आपला असेल तर आपला, नाहीतर ज्याचा असेल त्याचा. डोळे मिटलेत का, पोट दिसतंय का, कोण कुणाशेजारी उभं आहे. फोटो काढण्याच्या तेरा वर्षांच्या धंद्यात विजयश्रीनं फोटो बघणारी इतकी माणसं बघितली होती, की पडद्यावर त्यांचं बोट कुठं टेकणार हे तिला आधीच कळायचं. म्हणून चऱ्होलीच्या त्या तीनमजली बंगल्यात, सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या गोजाबाईंनी टॅबवर बोट टेकवलं ते माणसांच्या पायांखाली, गवतावर, तेव्हा तिला आधी वाटलं, म्हातारीला दिसत नसावं. थरथरतं बोट दोनदा लागलं आणि चित्र मोठं झालं. आई, बाप, त्यांचं वर्षाचं मूल, अशी तिघं कडेला सरकत पडद्याबाहेर गेली. मागं नुसतं गवत उरलं आणि त्यावर पडलेली पानांची सावली. गोजाबाई त्या गवताकडे बघत राहिल्या.

"ही जागा कुठली?"

"इथलीच आहे आजी. नदीकडं जाणारा कच्चा रस्ता आहे ना, त्याच्या कडेला."

"व्हय. वळखली." मग त्यांनी विचारलं, "करंज हाय का आजून?"

"गेल्या हिवाळ्यात तर होता."

तेवढ्यात त्यांची नात सायली हिनं टॅब आपल्याकडे ओढून घेतला. फेब्रुवारीत सायलीचं लग्न होतं. त्याआधी घरातल्या सगळ्यांचा एक मोठा फोटो हवा, तो मांडवाच्या दारात लावायचा, म्हणून तिनंच विजयश्रीला बोलावलं होतं. तिला तळ्याकाठची बाग पसंत होती. तिथं लाकडी पूल होता आणि पुलावर कागदी फुलांची कमान. तिच्या वडिलांना, म्हणजे गोजाबाईंच्या एकुलत्या एक मुलाला, जागेचं काही पडलं नव्हतं. कागदोपत्री ते नानासाहेब होते, पण अख्खं गाव त्यांना पिंटूशेठ म्हणायचं. "गाडी दिसली पायजे मागं, बाकी तुमी ठरवा," एवढं सांगून ते फोनवर बोलत बाहेर गेले. सूनबाई मोनिका यांनी साड्यांच्या रंगाची चौकशी केली. विजयश्री निघाली तशा गोजाबाई काठी टेकत फाटकापर्यंत आल्या, स्कूटरच्या आरशाला हात लावून उभ्या राहिल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "उद्या सकाळी ईशील? मला तितं ने. घरात सांगू नगं. देवळात चालले म्हनून मी खाली येऊन हुबी ऱ्हाते."

विजयश्री हो म्हणाली. का म्हणाली ते तिलाही सांगता आलं नसतं. चिखलीपर्यंतच्या रस्त्यात ट्रकच्या मागं अडकून राहिली तेव्हा, सिग्नलला उभी राहिली तेव्हा, तिला ते पडद्यावर पसरलेलं गवत दिसत राहिलं. आपलाच फोटो, आपणच काढलेला, आणि त्यात आपण कधी न बघितलेलं काहीतरी एका म्हातारीनं बघितलं, याचा तिला राग आला असता तर बरं झालं असतं. पण राग येत नव्हता. घराचं कुलूप आपण लावलं की नाही हे अर्ध्या वाटेवर आठवेनासं होतं, तसं काहीतरी होत होतं.

ती जागा तिची होती. म्हणजे तिनं शोधलेली होती. सहा वर्षांपूर्वी आळंदीहून परत येताना तिनं सहज गाडी आत घातली होती आणि तिथं, गाजरगवत माजलेल्या एका पडीक रानात, मोठ्या करंजाखाली एवढासा तुकडा हिरवागार दिसला होता. दाट, मऊ हरळी, कुणी मुद्दाम राखल्यासारखी. झाडाच्या सावलीत अशी हरळी सहसा धरत नाही, हे तिला कुठून तरी माहीत होतं, पण मिळालेल्या गोष्टीबद्दल फार विचारू नये हेही माहीत होतं. बाकी शहरात कॅमेरा कुठंही वळवला तरी काहीतरी आडवं यायचं. विजेचे मनोरे, होर्डिंग, कंपन्यांच्या शेड, अर्धवट बांधलेल्या इमारतींच्या बाहेर आलेल्या सळया, नदी पकडावी तर तिच्यावर तरंगणारा पांढरा फेस. तिचं निम्मं कसब काय दाखवायचं यात नव्हतं, काय झाकायचं यात होतं. निघोज्याच्या माळावर ती माणसांना अशा कोनात उभी करायची की मागच्या कारखान्याचं धुराडं बरोबर कुणाच्या तरी डोक्याआड जाई. पण या करंजाखाली काहीच झाकावं लागत नव्हतं. मग ती तिथं येतच राहिली. नवी जोडपी आणली, पोटुशा बायका आणल्या, आणि लहान मुलं तर किती. पहिल्या वाढदिवसाच्या आधीची, रांगणारी, अजून मानही न धरणारी. त्यांच्यासाठी ती स्वतःची एक पांढरी दुलई घेऊन जायची आणि हरळीवर अंथरायची.

घरी आल्यावर तिनं ते सगळे फोटो संगणकावर उघडले. दुपारचे तीन वाजले होते. खालच्या गाळ्यात पत्रा कापायचं यंत्र चालू होतं. दर चार-पाच सेकंदांनी एक ठोका पडे आणि टेबलावरचा चहाचा कप किंचित हले. तिनं एकेक फोटो मोठा केला, माणसं बाहेर सरकवली आणि जमीन बघितली. गवत. एके ठिकाणी मुंग्या. एके ठिकाणी बाळाच्या हातातून पडलेलं बिस्कीट. काहीच नव्हतं. तिचा नवरा निरंजन दुसऱ्या पाळीला जायच्या तयारीत होता. सॉक्स घालता घालता तो तिच्या खांद्यावरून डोकावला.

"काय शोधतेस?"

"माहीत नाही. त्या आजी या जागेकडं अशा बघत होत्या की…"

"त्यांचं रान असेल. आता त्या बाजूला सगळं विकलंय लोकांनी." मग बुटाची नाडी बांधत तो म्हणाला, "तू विचारलं होतंस का कधी, कुणाचं रान आहे म्हणून?"

तिनं विचारलं नव्हतं. कुणालाच, कधीच. हा प्रश्न तिच्या मनात आला नव्हता असंही नाही. उलट ती जागा तिला आवडली ती कुणाचीच नसल्यासारखी दिसली म्हणून. निरंजन गेला, दार लागलं, आणि खालच्या ठोक्यांच्या मधल्या शांततेत तिला भोसरीची ती खोली आठवली. अहमदपूर सोडून आल्यावर त्यांच्या घरानं बारा वर्षांत सात खोल्या बदलल्या, त्यातली ती तिसरी. दिवाळी होती. वडिलांच्या वर्कशॉपमधल्या एका मित्रानं कॅमेरा आणला होता आणि आईनं सगळ्यांना नवे कपडे घालून दारात उभं केलं होतं. मागं घरमालकिणीचा रंगवलेला दरवाजा, तोरण, बाजूला तुळस. मालकीण बाहेर आली. भांडली नाही, हसतच म्हणाली, "अहो, आमच्या दारात नका काढू. दार आमचं, अन् फोटो तुमचा, कसं दिसंल ते?" आईनं विजयश्रीचं बखोट धरलं, धाकट्याला कडेवर घेतलं आणि सगळ्यांना रस्ता ओलांडून समोरच्या कंपनीच्या कुंपणभिंतीपाशी नेलं. "हितं कुणी काही म्हणत नसतंय," ती म्हणाली. त्या भिंतीवर जाहिराती न लावण्याबद्दल सूचना रंगवलेली होती. फोटोत बाकीची अक्षरं गेली आणि वडिलांच्या डोक्यावर नेमकं 'लावू नये' एवढंच आलं. पुढं घरात तो फोटो निघाला की सगळे हसत. आईही हसायची. पण तेव्हापासून कुठंही उभं राहायचं म्हटलं की विजयश्रीची नजर आधी दार शोधायची, दारात कुणी उभं आहे का ते बघायची, आणि पाय आपोआप कुणाच्याच नसलेल्या जागेकडं वळायचे. नदीकाठ, माळ, टेकडी, पडीक रान. लोक तिला विचारायचे, मॅडम, अशा जागा तुम्हाला सापडतात कशा? ती म्हणायची, नजर लागते. खरं उत्तर तिला त्या दुपारी पहिल्यांदा नीट कळलं, आणि कळून बरं वाटलं नाही.

सकाळी गोजाबाई देवळाच्या कोपऱ्यावर उभ्या होत्या. अंगावर शाल, हातात नारळाची पिशवी. स्कूटरवर त्या एका बाजूला पाय सोडून सराईतासारख्या बसल्या आणि विजयश्रीच्या कमरेला त्यांनी घट्ट धरलं. "चार वर्सं झाली मला जाऊन," त्या मागून म्हणाल्या. "गुडघं ऱ्हायलं न्हाईत. पिंट्या म्हनतो, काय करायचं हाय तितं जाऊन. रान दिलं बिल्डरला, त्ये मला म्हाईत हाय. पन काम सुरू व्हायाला येळ हाय म्हनला." कच्च्या रस्त्याच्या तोंडाशीच निळ्या पत्र्यांचं कुंपण लागलं. विजयश्रीनं गाडी थांबवली. हाच रस्ता की दुसरा, अशी तिला क्षणभर शंका आली. पत्र्याच्या फटीतून आत लाल-पिवळा मुरूम दिसत होता, सपाट, रोलर फिरवलेला. पलीकडे एक जेसीबी मान खाली घालून उभा होता. करंज नव्हता. झाड तोडलं की निदान बुंधा राहतो, खड्डा राहतो, तेही नव्हतं.

तिला वाटलं, म्हातारीला आत नेऊच नये. पण गोजाबाई उतरल्या होत्या. पहाऱ्यावरच्या माणसाला त्यांनी, "मी पिंटूशेठची आई," एवढंच सांगितलं आणि त्यानं पत्रा बाजूला केला. आत गेल्यावर त्या बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी इकडंतिकडं बघून विहीर शोधली. विहीर होती, अर्धी बुजवलेली, काठाचे चार दगड अजून जाग्यावर. त्या दगडांपाशी जाऊन त्यांनी पाठ केली आणि काठी न टेकता, एकेक पाऊल मोजत, नदीच्या बाजूला चालायला लागल्या. विजयश्री मागं मागं गेली. एकवीस पावलं झाल्यावर त्या थांबल्या. पायाखाली मुरूमच होता, इकडं तसा तिकडं.

"हितं," त्या म्हणाल्या. "हितं माजी पयली लेक हाय."

विजयश्रीला हे कळायला वेळ लागला. म्हणजे शब्द कळले होते. त्यांचा अर्थ पायांपासून वर चढत यावा तसा आला. तिनं नकळत दोन पावलं मागं घेतली, आणि मग मागं कुठं घ्यायची हेही कळेना.

गोजाबाई सांगत होत्या, आवाज न चढवता, दुसऱ्या कुणाच्या घरातलं सांगावं तशा. दुष्काळाच्या पुढच्या सालातली गोष्ट. त्या अठरा वर्षांच्या होत्या. पोर अकरा दिवसांचं झालं, बाराव्या दिवशी बारसं. आत्याबाई आळंदीहून येणार होत्या, नाव त्या ठेवणार होत्या, पाळण्याला बांधायचा दोर आणून ठेवला होता. अकराव्या दिवशी दुपारी पोरीनं दूध घेतलं नाही आणि दिवस मावळायच्या आत गेली. मालकांनी, म्हणजे भिमाजींनी, तिला आपल्या फेट्यात गुंडाळलं आणि एकटेच रानात घेऊन गेले. बायकांनी जायचं नव्हतं. "परत आलं तवा मी इचारलं, कुठं ठिवली. म्हनलं, हिरीपासनं करंजाकडं ईस-एकईस पावलं, बांधाच्या आत. येवढंच. पुन्यांदा त्या माणसानं तोंडातनं शबुद काढला न्हाई, मरस्तवर. पन औत धरलं की तेवढ्या जाग्यापाशी आलं की नांगर वळवायचं. पंचेचाळीस वर्सं वळवलं. टॅक्टर आला तवा डायवरला बी म्हनायचं, तितं नगं, कडंनं घे. मी खुरपायला बसले की तेवढं सोडून खुरपायची. दोघांनी बी कधी काय म्हनलं न्हाई येकमेकास्नी."

विजयश्री जमिनीकडे बघत होती. हरळी कशानं राहिली होती ते आता तिला कळलं. झाड तिनं बघितलं होतं, सावली बघितली होती, उन्हाची तिरीप कोणत्या वेळी कुठून येते ते तिला पाठ होतं. आणि सबंध रानात एवढाच तुकडा मऊ का, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. एका माणसानं पंचेचाळीस वर्षं नांगर वळवला होता म्हणून. कुणाचीच नाही असं ती ज्या जागेला समजत होती, तिच्याइतकी कुणाची तरी असलेली दुसरी जागा या सगळ्या पट्ट्यात असेल की नाही कोण जाणे. आणि तिथं आपण दुलई अंथरून परक्यांची पोरं निजवली. हे सांगून टाकावं असं तिच्या ओठांवर आलं, पण गोजाबाईंनी काल तेच तर बघितलं होतं, मग सांगायचं ते काय. आणि त्या ओरडल्या का नाहीत, हे विचारायचं तिला धाडस झालं नाही.

"फोटू हितंच काढ," गोजाबाई म्हणाल्या. "समद्यांचा. पोरगी चालली लगीन करून. म्होरल्या वर्साला हितं मजलं हुबं ऱ्हातील. येकडाव समदी हितं येऊंद्यात."

"पण आजी, इथं आता…"

"म्हाईत हाय मला. म्हनून तर तुला सांगतीया. मी म्हनलं तर पिंट्याला वाटंल, आई टोचती, रान इकलं म्हनून. तूच म्हन, मला ही जागा आवडली. तुजं ऐकत्याल."

आजवर तिनं किती जागा किती माणसांच्या गळी उतरवल्या असतील, पण घरी येऊन पिंटूशेठना फोन लावण्याआधी तिनं काय बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं. ती म्हणाली, सकाळचा उजेड तिथं सरळ येतो. ती म्हणाली, मोकळं आहे, मागं काही येत नाही. स्वतःचं रान आहे, लेकीच्या लग्नाच्या फोटोला त्याच्यासारखी जागा नाही. पिंटूशेठनी तिला मधेच तोडलं.

"मॅडम, तितं काय हाय आता? मुरूम अन् पत्रा. तुमी बघून आलाय का?"

"बघून आले."

"आईनं सांगितलं का तुमाला?"

"नाही," विजयश्री म्हणाली. खोटं बोलताना आवाज सरळ राहतो हे तिला ठाऊक नव्हतं.

"खरं सांगा. ती बोलत न्हाई माझ्याशी सरळ, रान दिल्यापासनं. मी काय हौसनं दिलं का? चारी बाजूनं इमारती झाल्या, मधी येकटं रान घेऊन काय करणार होतो मी?" आपण हे एका फोटोवालीला का सांगतोय, असं त्यांना वाटलं असावं. मग म्हणाले, "पंधरा मिनटं. मग पोरगी म्हणती तिकडं तळ्यावर." मागून सायलीचा आवाज आला, "पप्पा, काहीही काय! कन्स्ट्रक्शन साइटवर कोण फोटो काढतं?" आणि फोन बंद झाला.

रविवारी सकाळी सात वाजता सगळे आले. सायली फिक्या गुलाबी लेहेंग्यात, फुगलेल्या तोंडानं; मोनिकाताई जरीच्या साडीत, चपलेत खडे गेले म्हणून एका पायावर उभ्या; पिंटूशेठ पांढऱ्या कडक कपड्यांत, पत्र्याबाहेर लावलेल्या गाडीकडं परत परत बघत. थंडी होती. जमिनीलगत धुकं होतं आणि त्यामुळं निळे पत्रे जरा मागं गेले होते. विजयश्रीनं मनातल्या मनात त्या धुक्याचे आभार मानले. तिनं कॅमेरा लावला आणि नेहमीप्रमाणं माणसं रचायला सुरुवात केली. उंच मागं, बसणारी पुढं. पण गोजाबाईंनी खुर्ची घेतली नाही. त्यांनी विहिरीकडं पाहिलं, आपली पावलं मोजली, येऊन उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना म्हणाल्या, "मला खेटू नगा. ह्या बाजूला जरा जागा ऱ्हाऊंद्या."

"सासूबाई, मधी एवढी फट दिसंल की," मोनिकाताई म्हणाल्या. "मॅडम, तुम्ही सांगा ना त्यांना. सरका जरा."

विजयश्रीनं कॅमेऱ्यातून पाहिलं. फट दिसत होती. डाव्या बाजूला नात, उजव्या बाजूला मुलगा-सून, आणि मधे म्हातारीच्या शेजारी हातभर रिकामी जागा, खाली मुरूम. धंद्याच्या हिशेबानं ही चौकट चुकीची होती. तिचा हात सवयीनं वर गेला, माणसांना जवळ घ्यायला, आणि तिथंच थांबला. "राहू द्या," ती म्हणाली. "असंच छान आहे."

तेव्हा पिंटूशेठ बोलले. ते त्या रिकाम्या जागेकडंच बघत होते. आधी ते नुसतं वेळ घालवायला बोलल्यासारखं वाटलं. "मॅडम, गंमत सांगतो. हितं आबा नांगर वळवायचे बगा. बारका होतो तवा मी इचारलं, का वळवता? तर म्हनायचे, खाली खडक हाय, फाळ मोडंल. मला येवढं डोक्यात बसलेलं की परवा जेसीबीवाल्याला मी सोता येऊन सांगितलं, भावा, हितं जपून, खडक लागंल, दात तुटतील." ते थांबले. हसायला सुरुवात केलेली होती, ती चेहऱ्यावरच राहिली. "लागला न्हाई. मऊ माती निघाली नुसती. चार फूट खाली गेला तरी मातीच."

पलीकडच्या रस्त्यावरून एक कंपनीची बस गेली. पिंटूशेठनी हळूहळू मान वळवून आईकडं बघितलं. सत्तेचाळीस वर्षांचा, गावात चार माणसांत वजन असलेला तो माणूस विजयश्रीला त्या क्षणी फार लहान दिसला.

"आई, खडक न्हवता हितं."

"न्हवता," गोजाबाई म्हणाल्या.

"मग आबा काय म्हनून…"

"तुजी थोरली भन हाय हितं. तुज्या आदी पाच वर्सं. अकरा दिसांची झालती."

मोनिकाताईंचा हात आपोआप पदराकडं गेला आणि त्यांनी तो डोक्यावर घेतला. पिंटूशेठ आपल्या पायांकडं बघत होते, मग जेसीबीकडं, मग कुंपणाकडं, जिथं खोदून काढलेल्या मातीचा ढीग सकाळच्या उन्हात तांबूस दिसत होता. ती माती कुठं कुठं गेली, हे त्यांच्या मनात आलं असावं, कारण ते त्या ढिगाकडं दोन पावलं चालून गेले आणि परत फिरले. "मला सांगायचं न्हाईस व्हय," ते म्हणाले. "येकडाव तरी सांगायचं. मी दिलं असतं का रान?"

"दिलं असतंस. कवातरी द्यावंच लागलं असतं," गोजाबाई म्हणाल्या. "मी काय त्याच्यासाटी न्हाई आणलं तुला हितं. हुबा ऱ्हा. पोरगी गारठली."

सायली रडत होती, डोळ्यांचं काजळ बोटानं टिपत. तिनं विचारलं, "आजी, नाव काय होतं तिचं?"

"ठिवायचं ऱ्हायलं."

पिंटूशेठनी पायांतले बूट काढले. कुणाला काही न सांगता ते बाजूला ठेवले, मोजे त्यांत कोंबले, आणि अनवाणी येऊन त्या रिकाम्या जागेच्या पलीकडं उभे राहिले, आईच्या बरोबर समांतर, मधलं अंतर न मोडता. "घ्या मॅडम," ते म्हणाले. विजयश्रीनं 'हसा' म्हटलं नाही, 'इकडं बघा' म्हटलं नाही. तिनं पाच-सहा वेळा बटण दाबलं आणि कॅमेरा खाली घेतला. त्यानंतर सगळे तळ्यावर गेले का? गेले. सायलीनं कमानीखाली फोटो काढून घेतले आणि तेही चांगले आले. माणसं काही एकाच जागी दिवसभर उभी राहू शकत नाहीत.

आठ दिवसांनी ती छापून आणलेला मोठा फोटो घेऊन बंगल्यावर गेली. पिंटूशेठनी तो भिंतीला टेकवून ठेवला, लांबून पाहिला, जवळून पाहिला. मांडवाच्या दारात कोणता लावायचा यावर घरात दोन दिवस बोलणं झालं होतं. शेवटी सायलीनंच सांगितलं, हाच. शेजारचे कुणीतरी बसायला आले होते. ते म्हणाले, "शेठ, ही कुठली जागा निवडली तुमी? नुसता मुरूम." पिंटूशेठ म्हणाले, "आमचं रान हाय." 'होतं' म्हणाले नाहीत. विजयश्रीनं ते ऐकलं, आणि तिला भोसरीच्या त्या भिंतीपाशी बखोट धरून नेणारी आई आठवली. पण या वेळी आईचा हात आठवला, भिंत नव्हे. केवढा घट्ट होता तो.

गोजाबाई आतल्या खोलीत पलंगावर बसून लसूण सोलत होत्या. विजयश्री त्यांच्याजवळ जाऊन बसली. आठ दिवस जे सांगायचं राहिलं होतं ते तिनं सांगून टाकलं. म्हणाली, "आजी, मला माफ करा. मी तिथं सहा वर्षं लोकांची लेकरं नेली. अंगावर पितात एवढी लहान. तिथंच दुलई टाकून निजवली त्यांना. मला माहीत नव्हतं."

गोजाबाईंनी लसणाची पाकळी हातातच धरून तिच्याकडं बघितलं. त्यांना यात माफ करण्यासारखं काय आहे ते कळलं नसावं असं दिसलं.

"हसत व्हती का?"

"कोण?"

"पोरं."

"हसत होती. काही रडत पण होती. एक तर झोपलंच होतं, उठेचना."

"हायत का त्ये फोटू? मला दाव."

विजयश्रीनं पिशवीतून टॅब काढला. तिनं तो उशीला टेकवून उभा केला. गोजाबाईंनी लसणाचं ताट बाजूला सारलं, पदरानं बोटं पुसली आणि पुढं झुकल्या. दातांशिवाय हसणारा एक मुलगा आला. "ह्येचं नाव काय?" अर्णव. "अन् हिचं?" ही ईश्वरी, निघोज्याची, हिचे वडील कंपनीत आहेत. जुळी आली, त्यांचीही नावं विजयश्रीला आठवली. गोजाबाई प्रत्येक नाव एकदा स्वतःच्या तोंडानं म्हणून बघत, जिभेवर बसेपर्यंत, आणि मगच पुढचा फोटो लावायला सांगत. लग्नापर्यंत फोटो टांगायला बाहेर पिंटूशेठ भिंतीला खिळा ठोकत होते. असा अर्धा तास गेला. मग दुलईवर उताणी पडलेली, मुठी मिटलेली, महिन्याभराची एक मुलगी आली, आणि विजयश्रीला तिचं नाव काही केल्या आठवेना. आईबापांचे चेहरे आठवले, त्या दिवशीचा वारा आठवला, नाव नाही.

"हिचं काय?"

"आठवत नाही आजी. घरी जाऊन बघते, लिहिलेलं असेल."

"आसंल," गोजाबाई म्हणाल्या. त्या मुलीकडं बघत राहिल्या. "काईतरी ठिवलंच आसंल की."